मेंढ्यांचा कुलवृत्तांत

सेवानिवृत्त झालेल्या मास्तराच्या हाती वेळ पुष्कळ असतो. मात्र त्याचे ऐकून घेणारी मुले समोरच्या बाकांवरून उठून गेलेली असतात. अशा माणसास काही तरी उद्योग लागतो. कोणी बागेच्या मागे लागतो, कोणी गावच्या राजकारणात पडतो. मी कुलवृत्तांताच्या नादी लागलो. आमचे घराणे इतिहासात गाजलेले असे नाही. मूळ पुरुष कोकणातून घाट चढून देशावर आला, कोणा सरदाराच्या पदरी कारकुनी करून त्याने थोडीशी इनाम जमीन मिळविली आणि पुढच्या पिढ्यांनी ती भाऊबंदकीत घालविली, एवढीच काय ती कथा. तथापि आपण कोणाचे कोण, हे जाणण्याची हौस मनुष्यमात्रास असतेच, आणि जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन पुढे संस्कृत पाठशाळेत वाढलेल्या माझ्यासारख्यास ती अंमळ अधिक असते.

सहा वर्षे मी हे काम केले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या पाहिल्या, जुने खतपत्र वाचले, भाऊबंदांच्या घरी जाऊन माळ्यावरच्या पेट्या उघडल्या. अकरा पिढ्या आणि ३४६ पुरुष इतका पसारा जमला. प्रत्येकाचे नाव, जन्म, विद्या, व्यवसाय, पत्नी व पुत्र अशी रीतसर नोंद केली. मुलींच्या बाबतीत जुन्या कुलवृत्तांतांची जी पद्धत तीच मी ठेविली. म्हणजे पुत्रांची नावे देऊन झाल्यावर शेवटी ‘कन्या २’ किंवा ‘कन्या ३’ असा आकडा घालावयाचा. मुली दुसऱ्या कुळात जातात, त्यांची नोंद त्या कुळाच्या पुस्तकात व्हावयाची, असा त्यामागे विचार. तो मला इतका सरळ वाटला की, त्यावर मी कधी क्षणभरही थांबलो नाही.

गेल्या वर्षी मुद्रकाकडून पहिली मुद्रिते हाती आली, त्याच सुमारास मुलाने आम्हा उभयतांस आपल्याकडे बोलाविले. तो अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात, बोल्डर सिटी या गावाजवळ राहतो. मुद्रितांचे भेंडोळे पिशवीत घालूनच मी निघालो; म्हटले, परदेशी बसल्या बसल्या तपासून होतील. वैशाखापासून श्रावणापर्यंत चार महिने आमचा मुक्काम तेथे होता. तो सारा मुलूख वाळवंटाचा. क्षितिजापर्यंत उघडेबोडके, तांबूस-करडे डोंगर. मधल्या सपाटीवर गुडघ्याएवढी खुरटी झुडपे. आणि ऊन असे की, आपल्याकडचा वैशाख सौम्य वाटावा. अशा ठिकाणी मोठे जनावर जगत असेल हे मला कोणी सांगितले असते तर मी मानले नसते.

एके दिवशी सकाळी माझी नात मला गावातील हेमेनवे नावाच्या बागेत घेऊन गेली. बागेच्या हिरवळीवर पंधरा-वीस जनावरे चरत होती. प्रथम मला ती हरणे वाटली. अंगावर लोकर नाही, भुरकट आखूड केस, मागची बाजू पांढरी आणि पाय सडपातळ. इतक्यात एका नराने मान वळविली आणि त्याच्या डोक्यावरची शिंगे दिसली. कानामागून खाली, आणि खालून पुन्हा गालापर्यंत वर आलेली ती जाडजूड वळणे पाहून माझ्या तोंडून एकदम ‘एडका!’ असा शब्द निघाला. नातीने सांगितले की, ही वाळवंटातली रानमेंढी. १९७३ सालापासून नेव्हाडाचा हा राज्यपशू. उन्हाळ्यात पाण्याकरिता व गवताकरिता हे कळप शेजारच्या रिव्हर मौंटन्स या डोंगरातून खाली उतरतात. माद्यांची शिंगे आखूड, किंचित मागे वळलेली होती, आणि त्यांच्या पायांशी त्या वसंतात जन्मलेली कोकरे घुटमळत होती. बागेतल्या फलकावर त्या प्राण्याचे शास्त्रीय नाव होते, ते नातीने मला वाचून दाखविले. त्यातला पहिला शब्द ‘ओव्हिस’. मी तिला म्हटले, “अगं, हा तर आपला ‘अवि’! संस्कृतात मेंढीला ‘अवि’ म्हणतात. लॅटिन आणि संस्कृत या बहिणी, त्यांच्या घरी एकच मेंढी.” तिला गंमत वाटली. ती म्हणाली, “आजोबा, मग ही मेंढीसुद्धा तिकडूनच आली आहे का?”

प्रश्न लहान मुलीचा, परंतु त्याचे उत्तर शोधण्यात आमचा तो उन्हाळा गेला. मुलगा संध्याकाळी कामावरून आला की, आम्हांस या विषयावरचे काही ना काही वाचून दाखवी व मी ते वहीत उतरून घेई.

उत्तर असे की, खरोखरच तिकडूनच आली. मेंढ्यांच्या कुळाचे मूळ घर आशिया-युरोपच्या बाजूस. हिमयुगात पुष्कळसे पाणी बर्फ होऊन बसल्यामुळे समुद्र खाली गेला व सायबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये जमीन उघडी पडली. त्या वाटेने या मेंढ्यांचे पूर्वज अमेरिकेत उतरले. त्यांचे जवळचे भाऊबंद आजही सायबेरियाच्या हिमाळ डोंगरांत राहतात. जे दक्षिणेकडे सरकत गेले त्यांतून मोठ्या शिंगांची ही मेंढी झाली. आणि हिमयुग संपून प्रदेश तापू व सुकू लागला, तशी ती वाळवंटातील डोंगराडोंगरांवर, जणू समुद्रातील बेटांवर राहावे तशी, कळपाकळपाने राहून गेली. आपल्या देशातही या कुळाच्या दोन शाखा आहेत. लडाखात ज्यास शापू म्हणतात तो एक आणि न्यान हा दुसरा.

या शाखांचा परस्परसंबंध गुणसूत्रांच्या संख्येवरूनही दिसतो. बकऱ्यास ६० गुणसूत्रे, शापूच्या जातीस ५८, न्यानास ५६, वाळवंटातील या मेंढीस आणि आपल्या धनगराच्या मेंढीस ५४, सायबेरियातील हिममेंढीस ५२. प्रत्येक वेळी दोन का कमी व्हावीत? तर दोन निराळी गुणसूत्रे एकमेकांस चिकटून एक होतात. आणि आईकडून एक व बापाकडून एक अशी ती जोडीने येत असल्याने संख्या दोनाने घटते. मी नातीला समजावून सांगितले, “हा संधीच म्हणावयाचा. ‘विद्या’ आणि ‘आलय’ मिळून ‘विद्यालय’ होते. शब्द दोनाचा एक झाला, परंतु अर्थ काही हरवला नाही.” चाळीस वर्षे संधी शिकविला, पण तो मेंढ्यांच्या रक्तातही चालतो हे मला त्या दिवशी कळले.

याहून नवल मला पुढच्या गोष्टीचे वाटले. प्राण्याचे बहुतेक जनुकद्रव्य अर्धे आईकडून, अर्धे बापाकडून येते व पिढीगणिक पत्त्यांसारखे पिसले जाते. परंतु पेशीतील तंतुकणिकांमध्ये स्वतःचा असा थोडासा डीएनए असतो, आणि तो केवळ आईकडून येतो. मुलगा असो की मुलगी, दोघांसही तो आईचाच मिळतो. पुढे मात्र तो फक्त मुलीच चालवितात. बापाचा तो त्याच्याबरोबरच संपतो. हा पाठ जसाच्या तसा उतरत जातो. क्वचित कोठे एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक त्या मादीच्या सर्व संततीत कायम राहते. हे वाचताच मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे काम आठवले. महाभारताच्या शेकडो हस्तलिखित पोथ्या जमवून, १९१९ सालापासून १९६६ सालापर्यंत खपून, तेथील पंडितांनी ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे ते कशावरून ठरवीत? तर समान पाठभेदांवरून. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी असेल तर त्यांची आई एक, असे अनुमान. मेंढ्यांचे वंशशास्त्रज्ञ तेच करितात. पोथी काय ती निराळी.

आणि ती पोथी मिळते कोठे, तर लेंड्यांत! जनावर पकडावे लागत नाही, त्याचे रक्त काढावे लागत नाही. पाणवठ्याभोवती पडलेल्या लेंड्या गोळा करावयाच्या; आतड्यातून येताना त्यांच्या पृष्ठभागास ज्या पेशी चिकटतात त्यांतून डीएनए निघतो. या रीतीने कित्येक जुन्या समजुती दुरुस्त झाल्या. १९४० साली मॅक्टॅगर्ट-काऊअन या प्राणिशास्त्रज्ञाने कवट्या व शिंगे मोजून या मेंढ्यांच्या उपजाती ठरविल्या होत्या. त्यात कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडा पर्वतातील मेंढ्या दूर उत्तरेकडील मेंढ्यांच्या शाखेत घातल्या गेल्या. पुढे वेहाउसेन आणि रेमी या दोघा संशोधकांनी कवट्या पुन्हा मोजल्या, मातृवंशाचा डीएनए पाहिला, आणि त्या मेंढ्या उत्तरेच्या नसून शेजारच्या वाळवंटी मेंढ्यांस जवळच्या, असे ठरले. दक्षिणेकडील एक उपजात म्हणून जी निराळी काढिली होती ती शेजारणीहून निराळी नाही, असेही निघाले. म्हणजे पन्नास वर्षे चालत आलेली वंशावळ आईच्या बाजूची साक्ष निघाल्यावर बदलावी लागली. मी हे वहीत लिहिले, आणि माझी मुद्रिते शेजारच्या टेबलावरच पडली होती. तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

या कळपांचा संसारही सांगण्यासारखा आहे. मादी बहुधा ज्या डोंगरावर जन्मली त्याच डोंगरावर राहते. पाणी कोठे, कडा कोठे, कोकरू घेऊन लपावे कोठे, हे ती आईच्या मागे फिरून शिकते व आपल्या कोकरास शिकविते. नर मात्र माजाच्या दिवसांत एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर, मधली सपाटी ओलांडून जातो. माद्याही क्वचित जातात, परंतु ही वाटचाल मुख्यतः नरांची. लहान कळपात चार-सहा पिढ्यांत सगळेच एकमेकांचे आप्त होऊन बसतात. अशा वेळी पलीकडच्या डोंगरावरून आलेला तो पाहुणा नवे रक्त आणतो. डोंगरावरची स्थिरता मादीची आणि डोंगराडोंगरांतले नाते नराचे, अशी त्यांची वाटणी आहे.

ही वाटच माणसाने तोडली. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय वाळवंटातील २७ कळप एप्स व त्यांचे सहकारी यांनी तपासले व त्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केला. मोठे हमरस्ते, कालवे व वसाहती यांनी जे कळप पुरते वेढले गेले, त्यांचे जनुकीय वैविध्य अवघ्या चाळीसएक वर्षांत १५ टक्क्यांपर्यंत घटले होते. रस्त्याने कोणास मारले असे नव्हे. त्याच्या कडेच्या कुंपणाने एवढेच केले की, पलीकडचा पाहुणा येईनासा झाला. आणि वैविध्य घटले की, एखादा नवा रोग आला असता ज्याच्या अंगी त्यास तोंड देण्याची शक्ती आहे असे जनावर कळपात असण्याचा संभव कमी होतो. हूव्हर धरणाच्या पलीकडे, अ‍ॅरिझोना राज्यात, यावर केलेला एक उपाय मुलाने मला मोटारीतून नेऊन दाखविला. तेथील हमरस्ता रुंद करण्यापूर्वी मेंढ्यांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे बांधून त्या कोठून ओलांडतात हे पाहिले, आणि नेमक्या त्या डोंगरधारांवर २०११ साली खास मेंढ्यांकरिता तीन पूल बांधिले. खालून मोटारी आणि वरून मेंढ्या! तेव्हापासून हजारो वेळा त्या पुलांवरून मेंढ्यांची ये-जा झाली आहे.

परंतु मला रात्री झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच दोन गोष्टींनी.

पहिली मेक्सिकोतील तिबुरोन बेटाची. कॅलिफोर्नियाच्या आखातातील हे मोठे बेट. तेथे १९७५ साली समोरच्या किनाऱ्यावरून २० मेंढ्या, १६ माद्या व ४ नर, नेऊन सोडिल्या. त्यांची संख्या वाढत वाढत पाचशेच्या आसपास गेली आणि तेथूनच इतर डोंगरांवर मेंढ्या पाठविण्यात येऊ लागल्या. अर्थात सगळी प्रजा त्या विसांचीच, बापांची गणती तर चारच. त्यामुळे तपासले तेव्हा वैविध्य फारच थोडे आढळले. सर्वांची समजूत अशी की, हा प्राणी त्या बेटावर पूर्वी कधी नव्हता, माणसाने नेला म्हणून आला. कोठल्याही कागदात त्याची नोंद नव्हती. पुढे बेटावरील डोंगरातल्या एका गुहेत जुन्या लेंड्यांचा घट्ट थर सापडला. त्याचे वय सुमारे दीड हजार वर्षांचे भरले व त्यातील डीएनए याच मेंढीचा निघाला. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे ती मेंढी तेथलीच होती. केव्हा तरी नाहीशी झाली आणि ती होती हेही लोक विसरले. माणसे विसरली ते लेंड्यांनी लक्षात ठेविले होते.

दुसरी न्यू मेक्सिको राज्यातील सान आंद्रेस डोंगराची. या मेंढ्यांच्या रक्षणाकरिता १९४१ साली तेथे अभयारण्य केले. एके काळी सुमारे दोनशे मेंढ्या होत्या. १९७८ साली कळपात खरजेच्या किड्यांचा रोग शिरला. कळप घटत घटत १९९७ साली त्या सबंध डोंगरावर एकच मादी उरली. एक! तिच्या आजूबाजूस तिला शिकविणारी कोणी नव्हती, आणि ती जे शिकली होती ते ज्यास शिकवावे असे कोकरूही नव्हते. रोग फैलावण्यापूर्वी, १९७२ साली, तेथील थोड्या मेंढ्या रेड रॉक येथील कुंपणात नेऊन ठेविल्या होत्या. २००२ साली त्या कुंपणातील मेंढ्या, इतर ठिकाणच्या मेंढ्यांबरोबर, पुन्हा त्या डोंगरावर सोडल्या व कळप परत नांदू लागला. पण मधल्या त्या एकट्या मादीचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. डोंगराची सगळी माहिती एका जिवात साठलेली, आणि विचारणारे कोणी नाही.

श्रावण लागला. निघण्याच्या दोन दिवस आधी नातीने माझी मुद्रिते हाती घेतली. तिला मराठी सावकाश वाचता येते. आपल्या बापाचे नाव तिला सापडले. त्याच्या पुढे बोट फिरवीत ती म्हणाली, “आजोबा, मी कुठे आहे?”

मी म्हटले, “ही काय तू. ‘कन्या १’.”

ती थोडा वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिली. रागावली नाही. वर्गात एखादे उदाहरण न सुटल्यावर मुले विचारतात तशा स्वरात तिने विचारले, “म्हणजे मेंढ्यांचं पुस्तक आयांवरून लिहितात आणि आपलं बाबांवरून?”

मास्तरकीत मला पुष्कळ प्रश्न आले, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे मी दिली. न आली ती ‘उद्या सांगतो’ म्हणून घरी जाऊन पाहिली. या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते आणि घरी जाऊन पाहण्याजोगे पुस्तक मीच लिहिलेले होते.

विमानात मी याच गोष्टीचा विचार करीत होतो. मेंढ्यांपासून माणसाने धर्म शिकावा असे मी म्हणत नाही. निसर्गात पाहिजे त्या मतास पाहिजे तो दाखला मिळतो. डोंगराडोंगरांत येणेजाणे राहिले तर कळप तगतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, माणसाळलेल्या मेंढ्यांशी संबंध आल्याने फुप्फुसाचा रोग लागून रानमेंढ्यांचे कळपचे कळप मेले आहेत. तेव्हा मेंढीचा दाखला देऊन कोणी कोणास उपदेश करू नये. परंतु एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. मेंढ्यांत मादी आपल्या डोंगरावर राहते आणि सपाटी ओलांडतो तो नर. आपल्यात उलट आहे. आपल्यात पुरुष आपल्या गावी, आपल्या वाड्यात, आपल्या इनामाच्या तुकड्यास धरून बसला. आणि एका डोंगरावरून दुसऱ्यावर गेली ती मुलगी. सगोत्र विवाह वर्ज्य म्हणून तिला जावेच लागले. माझ्या अकरा पिढ्यांच्या पुस्तकात जे नवे रक्त आले ते सगळे परक्या गावच्या मुलींनी आणले. आणि आमच्या मुली तेच दुसऱ्यांच्या घरी घेऊन गेल्या. जे जागेवर बसले त्यांची ३४६ नावे मी लिहिली. ज्यांनी वाट ओलांडली त्यांचा आकडा घातला.

ज्या घरी त्या आल्या तेथे तरी त्यांचे नाव राहिले का? आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदुळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहितात. माझ्या पुस्तकात ज्या पत्नींची नावे आहेत ती ही तांदुळावरची नावे. त्यांच्या आईने ज्या नावाने त्यांना हाक मारली ते कोठेच नाही. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही यांचा उच्चार होतो, मातामहीचाही होतो. परंतु आईच्या आईची आई त्या यादीत येत नाही. आजवर हे संकल्प मी कितीदा म्हटले असतील, पण ही उणीव माझ्या ध्यानी आली नव्हती. माझ्या प्रत्येक पेशीत जिच्या हातचा तो मूळ पाठ आहे, तिचे नाव मला ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी वाईस आक्काकडे गेलो. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, आता एकोणऐंशीची. अलीकडे तिला सकाळी काय जेवलो ते आठवत नाही. जुने मात्र आठवते, तेही ज्या दिवशी आठवेल त्या दिवशी. मी वही काढून बसलो व म्हटले, “आक्का, आईचे माहेरचे नाव काय गं?”

“यमुना,” ती म्हणाली. “का रे?”

साठ वर्षांहून अधिक काळ मी जिला रमा म्हणून जाणत होतो, ती माझी आई यमुना होती. आक्का मग आपोआपच बोलू लागली. आईची आई द्वारका. ती आपल्या आजोळच्या गोष्टी जात्यावर बसल्या बसल्या सांगे. तिची आई भागीरथी. विहिरीच्या काठी तिने स्वतः लावलेला चाफा होता. तिची आई चिमा. ती फार लहानपणी सासरी आली व पुन्हा माहेरी गेलीच नाही. नावाच्या मागे एक एक गाव निराळे, एक एक आडनाव निराळे. माझ्या ३४६ पुरुषांचे आडनाव एक; आणि या चार बायकांत चार कुळे.

“आणि चिमाची आई?”

आक्का पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. “तिला सगळे मेणवलीच्या काकू म्हणत, असे आजी सांगायची. नाव... नाव कोण विचारतो रे बायकांचे?” मग जरा थांबून, अगदी सहज, तिने विचारले, “माझे कोणते घातलेस पुस्तकात? इकडचे की तिकडचे?”

मी काय सांगणार? मुद्रित पिशवीत होते, त्यात ती ‘कन्या २’ मधली एक होती. मी म्हटले, “दोन्ही घालणार आहे.” ते खोटे नव्हते, पण ते त्या क्षणापासूनचे खरे होते. तिने मान डोलाविली व चहा टाकावयास उठली.

मुद्रकास मी काम थांबविण्यास सांगितले आहे. जुळणी पुन्हा करावी लागेल म्हणून त्याने खर्चाचा नवा आकडा कळविला. भाऊबंदांपैकी एकाने पत्राने विचारले, “दादा, परक्या घरच्या बायकांची नावे छापण्यास आपण का वर्गणी द्यावी?” दुसऱ्याने कळविले की, पुस्तक दुप्पट जाड होईल. दोघांचेही म्हणणे हिशेबाने बरोबर आहे. मी त्यांस इतकेच लिहिले की, जाड होईल तेवढा भाग माझ्या निवृत्तिवेतनातून होईल, वर्गणी वाढणार नाही. आपण फक्त आपापल्या आईस, सासूस, आत्यास विचारून माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे कळवावीत. सतरा घरांतून उत्तरे आली आहेत. पाच घरांतून असे आले की, सांगणारी आता कोणी राहिली नाही.

दर पंधरवड्याने मी वाईस जातो. कधी आक्काला काही आठवते, कधी ती मलाच विचारते की, आई अजून कशी आली नाही. ज्या वाचकांच्या घरी अशी एखादी वृद्धा असेल त्यांनी तिच्याजवळ वही घेऊन बसण्यास दसऱ्या-दिवाळीचा मुहूर्त पाहू नये.

नातीस मी पत्र लिहून कळविले आहे की, तिच्या बापाच्या नोंदीपुढे आता तिचे नाव आहे, जन्मतिथी आहे आणि आकडा काढून टाकला आहे. पुस्तकाच्या शेवटी एक नवे पान जोडले असून त्यावर माझ्या आईपासून वर जाणारी एकच ओळ आहे: यमुना, द्वारका, भागीरथी, चिमा. त्यावर मेणवलीच्या काकूंसाठी जागा मोकळी सोडली आहे.